श्वास, गंध आणि स्मृती

मनुष्य दिवसाकाठी किती श्वास घेतो, याचा हिशेब आपल्या जुन्या योगग्रंथांनी मांडून ठेवला आहे. तो आकडा २१,६०० असा आहे. हा केवळ श्रद्धेचा आकडा म्हणून सोडून देण्याचे कारण नाही. दिवसाची १,४४० मिनिटे धरली आणि मिनिटाला १५ श्वास धरले, तर गुणाकार नेमका तेवढाच येतो. आजची वैद्यकाची पुस्तके स्वस्थ बसलेल्या निरोगी प्रौढ माणसाचे श्वास मिनिटाला १२ ते २० सांगतात. म्हणजे ज्या कोणी हा हिशेब प्रथम केला, त्याने तो आपल्याच नाकापाशी लक्ष देऊन केला असला पाहिजे.

इतक्या वेळा घडणाऱ्या क्रियेकडे आपण मात्र फारसे पाहत नाही. छातीचा भाता चालू आहे, प्राणवायू आत जातो आहे, दूषित वायू बाहेर पडतो आहे, एवढे शाळेत शिकलो म्हणजे श्वासाचा विषय संपला असे आपण समजतो. मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांच्या ध्यानात गेल्या काही वर्षांत आलेली गोष्ट अशी की, या भात्याचा परिणाम फुप्फुसांपाशी थांबत नाही. नाकावाटे आत शिरणारा प्रत्येक श्वास मेंदूच्या एका भागावर हलकी थाप मारून जातो. आणि हा भाग वासाचा व आठवणींचा आहे. हीच गोष्ट आम्ही येथे उलगडून सांगणार आहोत. ती सांगताना किती सिद्ध झाले आणि किती झालेले नाही, ही रेषाही आखावी लागेल. कारण श्वासाचे नाव निघाले की आपल्याकडे दोन टोकांची माणसे भेटतात. एक म्हणतो, हे सारे आमच्या ऋषींना ठाऊक होते. दुसरा म्हणतो, हे सारे थोतांड आहे. मोजमापाचा कंटाळा मात्र दोघांनाही सारखाच असतो.

अमरावतीकरांना श्वासाचे महत्त्व नव्याने पटवून देण्याची गरज नाही. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या शहरात १९१४ पासून उभे आहे. दंड काढताना, मल्लखांबावर चढताना, आसन लावताना श्वास केव्हा घ्यावा आणि केव्हा सोडावा, हे येथल्या कित्येक पिढ्या आखाड्यात शिकल्या. परंतु तेथे आपण श्वासाचा संबंध बळाशी जोडतो, आठवणीशी जोडत नाही. तो संबंध कळण्यासाठी छातीकडून जरा वर, नाकाकडे वळले पाहिजे.

घ्राणेंद्रियाला आपल्या पंचेंद्रियांत मानाचे स्थान नाही. ज्याला दिसत नाही त्याला नाव आहे, ज्याला ऐकू येत नाही त्यालाही नाव आहे. पण ज्याला वास येत नाही त्याच्यासाठी आपल्या रोजच्या बोलण्यात साधा शब्दसुद्धा नाही. आणि तरीही आपल्या गतायुष्याचा केवढा तरी भाग वासाच्या हवाली केलेला असतो! वऱ्हाडात वाढलेल्या माणसाला हे सांगायला नको. उन्हाळ्यात दाराला लावलेल्या ओल्या वाळ्याच्या ताट्या. गव्हाणीत टाकलेली सरकीची ढेप. हंगामात जिनिंगच्या आवारात साठलेल्या कापसाचा कोरडा, उबट वास. सांभारवडीसाठी नुकताच चिरलेला हिरवागार सांभार. मेळघाटात फाल्गुन-चैत्रात पडलेली मोहफुले. आणि या सगळ्यांवर ताण म्हणजे मिरगाचा पहिला पाऊस काळ्या मातीवर पडतो तेव्हाचा दरवळ. वीस वर्षे पुण्या-मुंबईत काढलेल्या माणसाच्या नाकावरून यांतला एखादा वास गेला, तर त्याला नुसता तो पदार्थ आठवत नाही. ओसरी, ओसरीवरची माणसे, त्या वेळचे वय आणि त्या वयातली धाकधूक, असे सारे एकदम उभे राहते.

पहिल्या पावसाच्या वासाचा शोध शास्त्रज्ञांनीही घेतला आहे. १९६४ साली इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी कोरड्या जमिनीवर पाणी पडले असता सुटणाऱ्या या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिले. उत्तर हिंदुस्थानात मातीचे अत्तर काढतात, याचीही त्यांनी दखल घेतली होती. या वासातील एक मुख्य द्रव्य ‘जिऑस्मिन’ हे मातीतले सूक्ष्म जीव तयार करतात. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत याचे थोडेसेच भाग असले, तरी मनुष्याच्या नाकाला ते कळतात. ज्या इंद्रियाला आपण कमी लेखतो, त्याची ही तीक्ष्णता!

आता प्रश्न असा की, वासाने आठवण इतकी चटकन आणि इतकी सगळी का जागी व्हावी? याचे उत्तर मेंदूच्या रचनेत आहे. नाकाच्या पोकळीत अगदी वर, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध, टपालाच्या तिकिटाएवढा एक नाजूक पडदा असतो. त्यात वास ओळखणाऱ्या लक्षावधी पेशी असतात. मनुष्याच्या नाकात गंध टिपणाऱ्या सुमारे ४०० जातींच्या कड्या आहेत. कुलपाला किल्ली बसावी तसा गंधाचा कण त्यांतल्या काहींना बसतो, आणि कोणकोणत्या कड्या वाजल्या यावरून मेंदू वास ओळखतो. या कड्यांचे मूळ लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली शोधून काढले. त्यासाठी त्यांना २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या पेशींचे धागे कवटीतील चाळणीसारख्या एका हाडाच्या भोकांतून वर जातात आणि लगेच मेंदूच्या तळाशी असलेल्या गंधकंदाला मिळतात. गंधकंद म्हणजे वासाची पहिली चौकी. येथून पुढे जो फरक पडतो, तो ध्यानात घेण्यासारखा आहे. डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले मेंदूच्या वरच्या थरांत जाण्याआधी मधल्या एका ठाण्यात थांबते. त्याला थॅलॅमस म्हणतात. जुन्या वाड्याच्या देवडीवर आल्यागेल्याची चौकशी होत असे, तसे हे ठाणे. वास मात्र देवडीवर थांबत नाही. तो घरच्या माणसासारखा परसदाराने थेट माजघरात येतो. गंधकंदातून निघालेला संदेश वासाच्या पटलाकडे आणि अमिग्डाला नावाच्या बदामाएवढ्या गाठीकडे सरळ जातो, आणि तेथून पुढच्याच टप्प्यावर हिप्पोकॅम्पस लागतो. अमिग्डाला भीती, आनंद, किळस यांसारख्या भावनांशी संबंधित आहे. हिप्पोकॅम्पसचा आकार समुद्रघोड्यासारखा दिसतो, म्हणून त्याला ते ग्रीक नाव पडले. नव्या आठवणी बांधून ठेवण्याचे काम त्याच्याकडे आहे.

हे काम त्याचेच, हे कशावरून ठरले? १९५३ साली अमेरिकेतील हेन्री मोलेसन नावाच्या तरुणाच्या मेंदूवर, अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून, शस्त्रक्रिया झाली. तीत दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला गेला. झटके कमी झाले. परंतु त्या दिवसापासून २००८ साली मृत्यू येईपर्यंत त्याला आयुष्यात घडणारी नवी घटना ध्यानात ठेवता आली नाही. रोज भेटणारी डॉक्टरीणबाई त्याला रोज नवी वाटे. स्मृतीचे कोठार कोठे आहे, हे शास्त्राला या एका माणसाच्या दुर्दैवाने शिकवले.

येथवर वास आणि आठवण यांचा शेजार आपण पाहिला. आता त्यात श्वास कोठून येतो ते पाहू.

केंब्रिजचे एडगर एड्रियन हे मज्जातंतूंवरील संशोधनासाठी १९३२ सालचे नोबेल पारितोषिक मिळवलेले मोठे शास्त्रज्ञ. १९४२ साली त्यांनी साळूसारखे अंगावर काटे असणाऱ्या एका छोट्या प्राण्याच्या मेंदूत, तो बेशुद्ध असताना, विजेच्या लहरी टिपण्याच्या बारीक तारा घातल्या. या प्राण्याचा मेंदू वासाच्या कामाला वाहिलेला असतो, म्हणून त्याची निवड. एड्रियन यांना असे दिसले की, प्राण्याने श्वास आत घेतला की गंधाच्या भागात लहरींचा एक झुबका उठतो, आणि श्वास सोडला की तो विरतो. पुन्हा श्वास, पुन्हा झुबका. घड्याळाचा लंबक हलावा तसा हा क्रम चालला होता.

कोणी म्हणेल, यात नवल ते काय? श्वासाबरोबर वास आत येतो, म्हणून वासाचा भाग जागा होतो. ही शंका रास्त आहे. परंतु हवेत कोणताही वास नसला तरीही हा ठेका चालूच राहतो, असे पुढील प्रयोगांत दिसून आले. त्याचे एक कारण २००७ साली अमेरिकेत उंदरांवरील प्रयोगांतून कळले. नाकातील गंधपेशींना वास तर कळतोच, पण हवेचा नुसता स्पर्श, तिचा दाबही कळतो. वाऱ्याच्या झुळकेने पताका हलावी, मग त्या झुळकेत सुगंध असो वा नसो, तशी ही गोष्ट आहे. म्हणून नाकावाटे घेतलेला कोरा, वासहीन श्वाससुद्धा गंधकंदाला थाप देऊन जातो. तोंडावाटे घेतलेला श्वास त्या पडद्याला शिवतच नाही; त्यामुळे ती थापही पडत नाही.

जनावरांत दिसले ते मनुष्यात आहे काय, हे तपासणे सोपे नव्हते. माणसाच्या डोक्यात तारा कोण घालू देईल? परंतु अपस्माराच्या काही रोग्यांमध्ये झटक्याचे मूळ शोधण्यासाठी डॉक्टरांना तसे करावेच लागते. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील क्रिस्टिना झेलानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सात रोग्यांच्या संमतीने त्यांच्या मेंदूतील लहरी आणि श्वास एकाच वेळी टिपले, आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वासाच्या पटलात श्वासाच्याच गतीची एक संथ लहर सापडली. अमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पस या भागांतील द्रुत लहरीही श्वासाबरोबर चढत-उतरत होत्या. मग त्याच रोग्यांना तोंडाने श्वास घ्यायला सांगितले, तेव्हा हा मेळ विसकटला.

संथ आणि द्रुत लहरींचा हा मेळ समजायला तबल्याचे उदाहरण उपयोगी पडेल. विलंबित ठेक्याचे एक आवर्तन पुरे व्हायला बराच वेळ लागतो. पण वादक त्या दोन मात्रांच्या मधल्या जागेत कितीतरी द्रुत बोल भरतो. ते बोल स्वैर नसतात. समेवर कोठे यायचे हे त्यांना ठाऊक असते. श्वास हे मेंदूतले विलंबित आवर्तन आहे. त्याला चार-पाच सेकंद लागतात. मेंदूच्या स्वतःच्या लहरी सेकंदाला कितीतरी वेळा उठतात. नाकाने घेतलेल्या श्वासाची सम पडली की या द्रुत लहरी त्या भागात एकत्र जोर धरतात. दूरदूरच्या पेशींना एका वेळी बोलायचे असेल, तर कोणीतरी ठेका धरावा लागतो. ते काम काही अंशी श्वास करीत असावा, असे हे शास्त्रज्ञ मानतात.

केवळ लहरी सापडल्या एवढ्यावर झेलानो यांचा प्रयोग थांबला नाही. त्यांनी निरोगी तरुण-तरुणींना पडद्यावर क्षणभर चेहरे दाखवले आणि तो चेहरा भ्यालेला आहे की चकित झालेला, हे चटकन सांगायला लावले. नाकाने श्वास आत घेण्याच्या क्षणी दिसलेला भेदरलेला चेहरा लोकांनी अधिक लवकर ओळखला. दुसऱ्या प्रयोगात वस्तूंची चित्रे दाखवून काही वेळाने ती ओळखायला सांगितली; श्वास आत घेताना पाहिलेली चित्रे किंचित अधिक ध्यानात राहिली. तोंडाने श्वास घेणाऱ्यांत हा फायदा दिसला नाही. २०१८ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील आर्तिन अर्शामियान यांनी वासांच्या स्मृतीवरच प्रयोग केला. लोकांना १२ वास शिकवले आणि मग तासभर स्वस्थ बसवले. एकदा नुसत्या नाकाने श्वास घेत, एकदा नुसत्या तोंडाने. हुंगण्याच्या वेळी दोन्हीकडे नाकच होते. फरक होता तो मधल्या तासाचा. तो तास नाकाने श्वास घेत घालवला, तेव्हा लोकांनी शिकलेले वास पुढे अधिक अचूक ओळखले. वास मनात मुरण्याच्या काळातही श्वासाची वाट कोणती, याला महत्त्व आहे, असा याचा अर्थ.

निसर्गाने अशी जोडणी का केली असावी? कुत्रा वाटेने जाताना पाहावा. तो प्रत्येक खांबापाशी, प्रत्येक कोपऱ्यापाशी भराभर हुंगतो. त्याच्या दृष्टीने श्वास घेणे आणि जगाची विचारपूस करणे या दोन क्रिया वेगळ्या नाहीतच. हुंगले, ओळखले, पूर्वी कधी आले होते ते आठवले, मग पळायचे की थांबायचे ते ठरवले. हा सारा व्यवहार एका श्वासात उरकावा लागतो. मनुष्य दोन पायांवर उभा राहिला, नाक जमिनीपासून दूर गेले, डोळ्यांचे राज्य आले. पण जुनी वहिवाट मोडली नाही. भीतीच्या क्षणी आपण चटकन श्वास आत ओढतो, तो बहुधा त्याच वहिवाटीने.

या सगळ्याचा एक भाग घरच्या घरी पडताळून पाहता येतो, आणि त्यासाठी वरुड-मोर्शीच्या संत्र्याएवढे चांगले साधन नाही. नाक चिमटीत घट्ट धरून संत्र्याची एक फोड चावावी. आंबट-गोड कळेल, पण ते संत्रे आहे असे नुसत्या जिभेला छातीठोकपणे सांगता येणार नाही. मग चिमूट सोडून नाकाने श्वास बाहेर टाकावा. त्या क्षणी संत्रे ‘येते’. चावलेल्या फोडीचा गंध घशाच्या मागच्या बाजूने, बाहेर पडणाऱ्या श्वासावर बसून, त्या तिकिटाएवढ्या पडद्यापाशी पोचतो. आपण ज्याला जिभेची चव म्हणतो, ती बऱ्याच अंशी उच्छ्वासावर स्वार झालेला वासच असतो. सर्दी झाली की जेवण मातीसारखे लागते ते यामुळे.

हा विषय केवळ कुतूहलाचा नाही, हे वऱ्हाडाने अगदी अलीकडे अनुभवले आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट महाराष्ट्रावर आली, तेव्हा तिचा तडाखा प्रथम बसलेल्या भागांत अमरावती जिल्हा होता. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर या शहरांत टाळेबंदी झाली. ताप, खोकला, धाप यांच्या जोडीला पुष्कळांचा वास एकाएकी गेला. ज्या इंद्रियाला कोणी विचारत नव्हते, ते घरोघर तपासले जाऊ लागले. त्या रोगाचा विषाणू वास ओळखणाऱ्या पेशींवर थेट न जाता मुख्यतः त्यांना टेकू देणाऱ्या आधारपेशींवर जातो, असे २०२० सालीच आढळून आले. आधार खचला की गंधपेशींचे कामही बसते. आधार सावरला की बहुतेकांना वास परत येतो. पुण्याच्या आयसर संस्थेत निक्सन अब्राहम यांच्या प्रयोगशाळेने त्या काळात घ्राणशक्ती मोजण्याचे एक यंत्र तयार केले. आपल्याला काहीच झालेले नाही असे म्हणणाऱ्या बाधितांपैकीही अनेकांचे नाक मंदावल्याचे त्यात दिसले. डोळा अधू झालेला लगेच कळतो; नाक अधू झालेले पुष्कळदा नाकाच्या धन्यालाही कळत नाही.

वास गेलेल्या माणसाचे दुःख इतरांना चमत्कारिक वाटते. हातपाय धड आहेत, मग तक्रार कसली, असे घरचेही म्हणतात. पण दूध करपले हे त्याला कळत नाही, गॅस सुटला हे कळत नाही, जेवणावरची वासना उडते. आणि ज्या परसदाराने जुन्या आठवणी न बोलावता येत, ते दार बंद झालेले असते. आपल्या घराला, आपल्या तान्ह्या मुलाला वास उरलेला नाही, अशी ही पोकळी असते. ती क्षुल्लक मानू नये, एवढेच आमचे मागणे आहे.

यावर उपाय आहे काय? काहींना गुण येतो असा एक साधा उपाय जर्मनीतील ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ साली मांडला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास दिवसातून दोन वेळा, प्रत्येक सुमारे दहा सेकंद, लक्ष देऊन हुंगायचे. असे १२ आठवडे करायचे. गंधपेशी या आपल्या शरीरातील अशा मोजक्या मज्जापेशींपैकी आहेत, ज्या जन्मभर नव्याने उगवत राहतात. त्यामुळे या सरावाला अर्थ आहे. तो सर्वांनाच लागू पडतो असे नाही, आणि फळ येण्यास महिने लागतात. येथे एक व्यावहारिक सूचना करतो. वास येतो की नाही हे पाहण्यासाठी लोक कापूर, कांदा किंवा पुदिन्याचा अर्क नाकाशी धरतात. यांचा झोंबणारा भाग वेगळ्याच नसेला जाणवतो. वास गेलेला माणूसही ‘कळले’ म्हणतो आणि सारे फसतात. त्याऐवजी कॉफीची पूड किंवा चुरगळलेला सांभार घ्यावा, आणि डोळे मिटून ओळखायला सांगावे. डोक्याला मार लागल्यावर वास गेला, किंवा उतारवयात सर्दी नसताना तो हळूहळू कमी होत गेला, तर डॉक्टरांना अवश्य सांगावे. कंपवात आणि स्मृतिभ्रंश या विकारांत कधी कधी इतर लक्षणांच्या कितीतरी आधी घ्राणशक्ती उणावते. वास कमी झाला म्हणजे हे रोग झालेच असे मात्र मुळीच नाही. नाकातली सूज, जुनी सर्दी आणि वय हीच कारणे अधिक वेळा असतात.

आता राहिला प्राणायामाचा प्रश्न. तो श्रोत्यांच्या मनात आमच्या आधीच उभा राहिला असणार. नाकपुड्यांचा पालट आपल्या स्वरशास्त्राने पुरातन काळीच टिपला होता: एका वेळी एक नाकपुडी अधिक मोकळी असते आणि काही तासांनी पाळी बदलते. युरोपात हीच गोष्ट रिचर्ड कायझर या जर्मन वैद्याने १८९५ साली नोंदवली. निरीक्षण अस्सल होते, याबद्दल शंका नाही. पण निरीक्षणावरून काढलेले प्रत्येक अनुमान अस्सल असते असे नव्हे. याबाबतीत आपल्याच भाषेच्या मुलखातला एक आदर्श डोळ्यांपुढे ठेवावा. स्वामी कुवलयानंद हे खानदेशात अमळनेरला अध्यापन करीत होते. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. क्ष-किरण, दाबमापक आणि रसायनशाळा हाताशी घेऊन त्यांनी आसने व प्राणायाम तपासले. प्राणायामाने शरीराला प्राणवायू अधिक मिळतो ही समजूत तेव्हाही सर्वत्र होती. त्यांनी ती मोजून पाहिली आणि ती टिकत नाही असे सांगितले. योगावर ज्याची पूर्ण निष्ठा, त्यानेच योगाची खोटी बाजू घेतली नाही. हा खरा शास्त्रीय बाणा.

तोच बाणा आजच्या विषयाला लावला तर काय हाती लागते? नाकाने घेतलेल्या श्वासाचा ठेका वासाच्या, भावनेच्या आणि स्मृतीच्या भागांत उमटतो, हे माणसातही दिसले आहे. तोंडाने श्वास घेतल्यास तो फिका पडतो, हेही दिसले आहे. मात्र ज्यांच्या मेंदूत प्रत्यक्ष तारा होत्या, ते रोगी मोजकेच होते. स्मृतीतला फरक खरा असला तरी लहान होता. आणि तो प्रयोगशाळेतल्या चित्रांचा होता, वर्षभराच्या अभ्यासाचा नव्हे. यावरून दहावीच्या मुलाला श्वासाने गुण वाढवून देण्याची हमी कोणी देऊ लागला, तर त्याला दुरूनच नमस्कार करावा. दीर्घ, संथ श्वासाने मन निवते हा अनुभव पुष्कळांचा आहे. २०१७ साली उंदरांवरील प्रयोगांत श्वासाची लय राखणाऱ्या केंद्रापासून जागृती व उत्तेजना यांच्या केंद्राकडे जाणारी एक वाटही सापडली. परंतु ती वाट मेंदूच्या बुंध्यातली. आपण पाहिलेली नाकातून जाणारी वाट निराळी. दोन्हींची गल्लत करू नये.

तरीही काही साध्या गोष्टी या ज्ञानातून निघतात. नाक हा श्वासाचा हक्काचा रस्ता आहे. अकोल्याच्या वैशाखातली रखरखीत हवा ते ओलसर करते, धूळ अडवते, आणि आता आपल्याला कळले त्याप्रमाणे मेंदूला ठेकाही देते. मूल कायम तोंड उघडे टाकून श्वास घेत असेल, रात्री घोरत असेल, तर ती सवय आहे म्हणून दटावू नये. नाकामागची गाठ किंवा जुनाट सर्दी आहे काय, ते डॉक्टरांकडून पाहून घ्यावे. पाठांतर करताना, गाणे शिकताना, शांत बसताना नाक मोकळे असावे. आणि घरात कोणी म्हणाले की मला अलीकडे फोडणीचा वास येत नाही, तर हसण्यावारी नेऊ नये.

दिवसाचे ते २१,६०० श्वास मोजत बसण्याची आवश्यकता नाही. निसर्गाने ते आपल्या ध्यानाबाहेर ठेवले, हे त्याचे उपकारच आहेत. परंतु यंदा मिरगाचा पहिला पाऊस पडेल, तेव्हा दारात उभे राहून दोन श्वास नाकाने, सावकाश घ्यावेत. आणि घरात ज्याचा वास गेला आहे असा कोणी असेल, तर त्यालाही हात धरून दारात आणावे. बाहेर काय दरवळते आहे, ते त्याला आपल्या शब्दांत सांगावे. त्याची परसदाराची वाट बंद असली, तरी आपल्या शब्दांना देवडीवरून आत जाता येते.